जाते म्हणणाऱ्या अंबूआत्या

घराबाहेर पडताना आपल्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही. दोन गल्ल्यांपलीकडच्या पोस्टात जायचं असो की कायमचा गाव सोडायचा असो, उंबऱ्यावर माणूस 'येतो' म्हणतो आणि घरातलं माणूस 'हं, या' म्हणतं. चुकून 'जातो' म्हटलं तर माझी आई डोळे वटारायची, असं अभद्र बोलू नये म्हणायची. या वळणात मी वाढलो आणि रेल्वेच्या कचेरीत बदली होऊन बनारसला आलो, तो हे वळण ट्रंकेतल्या कपड्यांबरोबर घेऊनच. दूधविनायकाच्या गल्लीत एका मराठी बाईंच्या घरात वरच्या दोन खोल्या मिळाल्या. पहिल्या दिवशी डबा घेऊन जिना उतरलो. खाली चौकात घरमालकीणबाई डाळ पाखडत बसल्या होत्या. त्यांना आदबीनं म्हटलं, "बरं, येतो."

त्यांच्या हातातलं सूप थांबलं. माझ्याकडे न बघता त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं सात-आठ वर्षांची एक मुलगी चौकटीला पाठ लावून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं तसा तो कोरा झाला होता.

"कुलकर्णी," बाई म्हणाल्या, "या घरात 'येतो' म्हणायचं नाही. जातो म्हणा. आणि वापस केव्हा येणार ते हिला सांगा. मग खुशाल जा."

नव्या कचेरीतला पहिला दिवस, आणि ही बाई मला 'जातो' म्हणायला लावत होती. मी मनातल्या मनात चडफडलो. पण भाडं कमी होतं आणि खोल्यांना खिडक्या होत्या, तेव्हा मुकाट्यानं म्हटलं, "जातो. दिवेलागणीला परत येईन." मुलीनं मान हलवली. दिवसभर मला वाटत राहिलं की आज काहीतरी वाईट होणार. साहेबानं तेवढं झापलं, पण त्यानं 'येतो' म्हटलं असतं तरी झापलंच असतं.

या बाई म्हणजे अंबूआत्या. खरं तर आत्या त्या एकट्या त्या मुलीच्या, सुमीच्या. पण सगळी गल्ली त्यांना आत्याच म्हणायची, भाजीवालासुद्धा 'आत्याजी' म्हणून हाक मारायचा. बुटक्या, काळ्यासावळ्या, नऊवारी खोचून नेसलेली, डावा खांदा पाण्याच्या कळशा वाहून कायमचा उतरलेला. नवरा घाटावरच्या एका उपाध्यायांच्या हाताखाली होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. देशावरून येणाऱ्या यात्रेकरूंना उपाध्याय जेवायला आत्यांकडे पाठवायचे. कोळशाच्या दोन शेगड्यांवर त्या माणसांच्या पंगती उठवायच्या. घर निम्मं त्यांचं आणि निम्मं पुतण्याचं, वामनरावांचं. हे वामनराव दुसऱ्या मोहल्ल्यात राहायचे आणि महिन्यातून एकदा भिंतींना हात लावून पाहून जायचे.

आत्यांचं बोलणं ऐकायला मला आवडायचं. मराठी अगदी देशावरचं, पण मधेच 'बिलकुल', 'परेशान', 'मालूम आहे' असे शब्द असे बसलेले की ते उचलून काढले तर वाक्य कोसळेल. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. एका बाबतीत मात्र ही बाई विचित्र होती. कधी कुणाकडे घटकाभर गप्पांना बसली नाही की कथा-कीर्तनाला शेवटपर्यंत थांबली नाही. भाजीवाल्याशी तावातावानं घासाघीस करता करता आकाशाकडे बघायची आणि भाव अर्धवट टाकून धावत सुटायची. गल्लीतली माणसं हसायची. मीही पहिले काही दिवस हसलो.

मग एकदा नलूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना सरळच विचारलं. आत्यांनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं, तेही सुमी गच्चीवर आहे याची खात्री करून.

त्यांचा धाकटा भाऊ इंदूरला होता. तो अचानक गेला. त्याच्या अस्थी घेऊन त्याची बायको कुसुम काशीला आली, बरोबर तीन वर्षांची सुमी. सगळे विधी पार पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुम म्हणाली, वन्सं, अहिल्याबाईंच्या घाटावर एकदा स्नान करून येते. आमच्या इंदूरच्या बाईंचा घाट, बघायचा राहिला. पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्यावर उभी राहून ती पुन्हा म्हणाली, "येते हं." आत्यांचे हात कणकेत होते. मागं वळूनही न बघता त्या म्हणाल्या, "हं, ये."

दुपार झाली तरी दोघी परतल्या नाहीत, तेव्हा आत्या शोधत निघाल्या. अहिल्याबाई घाट संपून मुन्शी घाट सुरू होतो तिथं एका पायरीवर सुमी बसलेली सापडली. शेजारच्या फूलवालीनं सांगितलं, "बच्ची सुबह से हिली तक नहीं, माई." परकर बसल्या जागी ओला होऊन वाळलेला. रडत नव्हती. आत्यांनी उचलायला हात घातला तर तिनं नाव बांधायची लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि एवढंच म्हणाली, "आई येते म्हणाली." तिला ओढून काढायचा आत्यांना धीर झाला नाही. त्या तिच्या शेजारी बसून राहिल्या आणि पोर पेंगल्यावर तिची बोटं एकेक करून सोडवली.

कुसुमला गंगेनं नेलं की ती आपल्या पायांनी कुठं निघून गेली, हे कधी कळलं नाही. मल्लाहांनी पाण्यात शोधलं, पोलिसांनी धर्मशाळांतून शोधलं. "मेली असती तर पोरीला सांगता आलं असतं," आत्या म्हणाल्या, "आणि पळाली असती तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. ती नुसती 'येते' म्हणून गेलीय, आणि मी तिला 'ये' म्हटलंय." त्या दिवसापासून त्या घरातून 'येते' गेलं.

त्याऐवजी आत्यांनी जे आणलं ते चौकातल्या भिंतीवर होतं. आमच्या गल्लीत ऊन म्हणजे पाहुणा. दोन्ही बाजूंची घरं इतकी एकमेकांवर आलेली की ते चौकाच्या पूर्वेकडून उतरायचं, एका भिंतीवरून सरकत जायचं आणि निघून जायचं. त्या भिंतीवर आत्यांनी गेरूच्या रेघा ओढल्या होत्या. एक बाजाराची, एक घाटाची, एक देवळाची. "सुमे, मी जाते. ऊन बाजाराच्या रेघेवर आलं की मी आले." आणि ऊन रेघेवर पोचायच्या आत आत्या धापा टाकत दारात हजर. ऋतू बदलला की ऊन जागा बदलतं, म्हणून दर थोड्या दिवसांनी त्या जुन्या रेघा पुसून नव्या ओढायच्या, देवघर सारवावं इतक्या मनापासून. आणि ढगाळ दिवशी त्या घराबाहेर पडत नसत. आषाढात भाजी नसली की आम्ही सगळे डाळ खायचो. उपाध्यायांनी एकदा तातडीचा निरोप धाडला, तर निरोप्याला त्यांनी आकाश दाखवलं. मला तो शुद्ध वेडेपणा वाटला होता. पण ती पोर दारात न रडता उभी राहायला त्या रेघांमुळेच शिकली, हेही मी डोळ्यांनी पाहिलं.

बाकी सुमीचं सगळंच कठीण होतं. तव्यावरची पोळी ती भाजून व्हायच्या आत ओढायची, हात भाजला तरी पुन्हा ओढायची. उशीखाली भाकरीचे तुकडे सापडायचे. दोन कामं सांगितली तर एकही व्हायचं नाही. पाणी आणायला निघालेली पोर जिन्यात विसरून उभी. आवाज चढला की दगड. म्युनिसिपालिटीच्या शाळेत घातली तर पाटी वर्गात, दप्तर रस्त्यात आणि स्वतः गुरुजींच्या खुर्चीखाली. गुरुजींनी तिला घरी आणून सोडलं आणि या मुलीचं चित्त कशावर टिकतच नाही, पुन्हा पाठवू नका, असं सांगून गेले. गाणी मात्र एकदा ऐकली की तोंडपाठ. गल्लीनं आपला निकाल दिला, पोर मंद आहे.

"मंद नाही," आत्या म्हणायच्या. "हिचं अर्धं मन अजून त्या पायरीवर बसलंय. उरलेल्या अर्ध्यात बिचारी किती कामं करणार?"

आता शिकलेली माणसं यावर भाषणं देतात. कोवळ्या वयात धसका बसला, धरायला हात उरला नाही, की मुलांना पुढं वाट बघणं, बेत करणं, हातातलं काम तडीला नेणं जड जातं, असं परवाच कुणीतरी रेडिओवर सांगत होतं. मी ऐकलं आणि मला ती गेरूची भिंत आठवली. आत्यांना यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त भीती वाटत होती, आणि ती भीती त्या उघड बोलून दाखवायच्या. माझं वय झालं, म्हणायच्या. माझ्या मागं ही एकटी राहू शकेल का? वामनरावांचं उत्तर तयार होतं, बायकांच्या आश्रमात टाका. कोपऱ्यात बसून राहील, दोन वेळा जेवेल. आत्यांना त्या 'बसून राहील'चाच धसका होता.

सुमी दहा-अकराची असताना जे झालं त्यानंतर ती भीती घरभर झाली. आत्या भाजीच्या बाजारात गेल्या होत्या. सुमीला दुधापाशी बसवलं होतं, वर आलं की पातेलं उतरव. परतताना ठठेरीबाजाराच्या तोंडाशी दोन सांड एकमेकांना भिडले. ज्यांनी बनारस पाहिलंय त्यांना सांगायला नको. दुकानांच्या फळ्या पडल्या, माणसं मिळेल त्या ओट्यावर चढली आणि गल्ली बंद. आत्या एका ओट्यावर अडकल्या. इकडे ऊन बाजाराच्या रेघेवर आलं आणि पुढं गेलं.

वर नलूला जळका वास आला. ती धावत खाली आली तर दूध उतू जाऊन जळलेलं, शेगडीशेजारचं फडकं पेटलेलं, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर सुमी पाठ करून बसलेली. ती भिंतीकडे बघत होती. नलूनं तिला ओढलं तर ती नलूच्या हाताला कडकडून चावली, पण डोळे रेघेवरून हलवले नाहीत. आम्ही आग विझवली तेवढ्यात आत्या आल्या. एका पायात चप्पल, घामानं भिजलेल्या. सांडांचं नावही न काढता त्या सुमीसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "उन्हाच्या मागं राहिले मी. चुकले."

सुमी त्यांच्या अंगावर कोसळली तेव्हा रडत होती की मारत होती, ते सांगता येणार नाही.

संध्याकाळी आत्या वर आमच्याकडे आल्या. कधी न येणारी बाई, दारातच खांबाला टेकून बसली. नलूच्या हातावरची पट्टी पाहिली. मग म्हणाल्या, "नलू, ही दूध नाही बघत. रेघ बघते. इतकी वर्षं मी हिला एकच गोष्ट शिकवली, माझी वाट बघायची. तिच्या आईनं पायरीवर बसवलं होतं, मी भिंतीसमोर बसवलं. फरक काय झाला?" नलू समजूत घालायला लागली तर त्यांनी हातानं थांबवलं. समजूत नको होती त्यांना. उपाय हवा होता, आणि तो आमच्यापैकी कुणाकडे नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आत्या मोठ्यानं काम करू लागल्या. म्हणजे काय, तर हात जे करतील ते तोंडानं सांगायचं. "तांदूळ घेतले. आता काय? आता निवडले. आता काय? आता धुतले. आता काय? आता आधण ठेवलं." सकाळी डोळे उघडल्यापासून निजेपर्यंत हा जप. यात्रेकरू वरणभात जेवता जेवता एकमेकांकडे बघायचे. मी नलूला म्हणायचो की आपल्या घरात आकाशवाणी केंद्र निघालंय, आणि ते बंद करायचं बटण नाही. पुढं काही महिन्यांनी 'आता काय'नंतर आत्या थांबू लागल्या. पुढचं सुमीनं सांगायचं. कधी ती बरोबर सांगायची, कधी भाताच्या मधेच देवळाचं काहीतरी सांगायची, कधी गप्प. आत्या तशाच थांबून राहायच्या, हातात पळी घेऊन. ज्या बाईला भाजीवाल्याकडे दोन मिनिटं दम निघत नव्हता, ती सुमीच्या एका वाक्यासाठी पातेल्यातलं पाणी आटेपर्यंत थांबायची.

पुढं सुमी स्वतःच बोलू लागली. पुटपुटत, ओठ हलवत. अठरा-एकोणिसाची झाली तेव्हा ती एकटी कुकरशिवाय चार माणसांचा स्वयंपाक करायची. मधेच तार तुटायची. मग आत्या दाराआडून हळूच म्हणायच्या, "आता काय?" आणि तार पुन्हा जुळायची. तेवढा एक आवाज आत्यांचा होता, बाकी सगळं तिचं. आणि तो आवाज आता थकत चालला होता. आत्यांचे पाय सुजायला लागले, जिना चढताना त्या मधल्या पायरीवर बसायच्या.

म्हणून त्यांनी हट्टानं एक पंगत घेतली. वाईकडची दहा-बारा माणसं उपाध्यायांकडे उतरली होती. आत्यांनी वामनरावांनाही जेवायला बोलावलं. सुमी सगळा स्वयंपाक एकटी करील, मी आत जाणार नाही, बघा आणि मग आश्रमाचं बोला, असं त्यांना बजावलं. सकाळपासून त्या चौकात खुर्चीवर बसून होत्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आतून सुमीचं पुटपुटणं येत होतं. डाळ शिजली. आमटीला फोडणी पडली, वास चौकभर गेला. वामनरावसुद्धा म्हणाले, वा. आत्यांचा चेहरा मी तितका तरणा कधीच पाहिला नव्हता.

यात्रेकरूंत एक म्हातारी होती. पानं वाढायला वेळ आहे, तोवर जवळच्या देवळात दर्शन घ्यावं असं तिच्या मनात आलं. बाई चांगली होती. घरातून निघायचं तर घरातल्या लेकीला सांगून निघावं, म्हणून ती मुद्दाम स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, सुमीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "येते हं बाळ."

कोणीही मराठी बाई हेच म्हणाली असती. एरवी येणाऱ्या प्रत्येकाला आत्या दारातच बजावून ठेवायच्या, त्या दिवशी गडबडीत ते राहून गेलं होतं.

पुटपुटणं थांबलं. आत्या खुर्चीतून उठल्या, तोवर सुमी पळी हातात घेऊनच दाराबाहेर पडली होती. मी आणि वामनराव मागं धावलो. ती कुठं जाणार ते मला माहीत होतं. अहिल्याबाई घाट ओलांडून त्याच पायरीवर ती बसली होती, कडी धरून. एकोणीस वर्षांची मुलगी, हातात आमटीची पळी. आम्ही दोघांनी काही म्हटलं तरी तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. शेवटी सुजलेल्या पायांनी आत्या आल्या आणि काही न बोलता शेजारी बसल्या, जशा सोळा वर्षांपूर्वी बसल्या होत्या. घरी भात कोळसा झाला होता. यात्रेकरू हलवायाकडच्या पुऱ्या खाऊन गेले. वामनरावांनी त्या दिवशी वाद घातला नाही. निघताना आश्रमाच्या चालकबाईंशी बोलून ठेवतो, एवढंच म्हणाले, आणि आत्यांनी मान खाली घातली.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला आत्यांपाशी थांबता येईल. त्यांच्यानंतर सुमी आश्रमातच गेली. दुसरं काही होणं नव्हतं. नलू आणि मी तिला भेटायला जायचो. ती तिथल्या स्वयंपाकघरात काम करते, ओठ हलवत. मधे अडकली की कुणी सांगतं, कुणी ओरडतं. उशीखाली भाकरी असतेच. आत्यांना जे हवं होतं ते झालं नाही, हे स्वच्छ म्हटलेलं बरं. पण आत्यांच्या दहाव्याला सुमीला घाटावर न्यायला आम्ही सगळे घाबरत होतो, तेव्हा ती आली, उभी राहिली आणि आमच्याबरोबर परत फिरली. पायरीवर बसली नाही. आश्रमाच्या चालकबाईही एकदा म्हणाल्या होत्या, आमच्या बायका दिवसभर फाटकाकडे डोळे लावून बसतात, ही कधी बसत नाही.

त्याचं कारण आषाढातल्या एका सकाळी घडलं. आत्यांच्या छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर हॉस्पिटलात हलवा म्हणाले. वामनरावांनी रिक्षा आणली आणि आम्हा सगळ्यांना बजावलं, की पोरीला सांगा, आत्या चार दिवसांत येते. आत्यांनी खाटेवरूनच नकार दिला. "खोटं बोलून मी या उंबऱ्याबाहेर पडणार नाही. आणि खरं बोलायचं तर बाहेर पडायची गरज काय?" रिक्षा परत गेली. मग त्यांनी सुमीला जवळ बोलावलं. दाराला टेकून मी, खाटेशी नलू.

"सुमे, मी जाते."

सुमीनं चौकात पाहिलं. भिंत काळवंडलेली, रेघा दिसतही नव्हत्या. तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटका होती. "आज ऊन नाही," ती म्हणाली. "आज तू जात नाहीस."

"आज जावं लागणार, बेटा."

"वापस केव्हा येणार?"

आत्यांनी श्वास घ्यायला वेळ घेतला. नलूनं डोळे मिटले. माझ्या मनात आलं, आता तरी खोटं बोला, कोण विचारणार आहे तुम्हाला. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता.

"नाही येणार," आत्या म्हणाल्या. "माझी वाट नाही बघायची. बिलकुल नाही."

सुमी दगड झाली. तो कोरा चेहरा मी पहिल्या दिवशी पाहिला होता, तोच. ती दाराकडे धावेल म्हणून मी चौकट अडवून उभा राहिलो. पण ती धावली नाही. तिनं आत्यांचा पदर मुठीत धरला आणि विचारलं, "मग आता काय?"

"ते तू सांग."

सुमीनं पदर सोडला आणि ती स्वयंपाकघरात गेली. आतून तिचं पुटपुटणं येऊ लागलं. तांदूळ घेतले. आता निवडले. आता धुतले. आता आधण. आत्या डोळे मिटून ऐकत होत्या, आणि प्रत्येक शब्दाला त्यांचे ओठ किंचित हलत होते. आता तांदूळ वैरले. आता झाकण. आता. आणि मग काही नाही.

भात शिजायला वेळ लागतो, तेवढा वेळ आम्ही वाट पाहिली. मग त्याहून जास्त. आतून ना भांड्याचा आवाज, ना तिचा. भात खाली लागल्याचा वास हळूहळू बाहेर आला. नलू उठायला लागली तर आत्यांनी तिचं मनगट धरलं. इतक्या आजारी बाईच्या हातात ती ताकद कुठून आली, कोण जाणे. त्यांना बोलायचं होतं. ते दोन शब्द घशापर्यंत आलेले आम्हाला दिसत होते. त्यांनी दुसऱ्या हातानं पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं, वास वाढत होता, आणि त्या नलूला सोडत नव्हत्या.

"आता," आतून सुमीचा आवाज आला. फार हळू, दुसऱ्या कुणाला सांगावं तसा. "आता खाली उतरव."

पातेलं जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. आत्यांनी तोंडातला पदर काढला आणि मनगट सोडलं. त्यांच्या बोटांचे वळ नलूच्या हातावर दुसऱ्या दिवशीही होते. आत्या तोवर गेल्या होत्या.